कॉकपिटमधला कॅमेरा: उड्डाणात व्हिडिओ काढावा की नाही, हे वैमानिकाने कसे ठरवावे

गेल्या उन्हाळ्यात माझी एक माजी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. प्रशिक्षण, परवाना, टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) असे सगळे टप्पे पार करून ती एका प्रवासी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू झाली होती आणि नुकतीच पहिल्यांदा कॉकपिटमध्ये बसून नागपूरला, म्हणजे आपल्याच गावच्या धावपट्टीवर, उतरली होती. चहा होईपर्यंत तिने मोबाइल काढून त्या लँडिंगचा व्हिडिओ मला दाखवला. फोन तिने बाजूच्या काचेला व्हॅक्यूमच्या स्टँडने चिकटवला होता. समोर उन्हाने पांढरी पडलेली सोनेगावची धावपट्टी दिसत होती आणि चित्र खरोखरच सुंदर आले होते. मी तो व्हिडिओ तिला पुन्हा एकदा लावायला सांगितला आणि विमानाच्या यंत्रणेने ‘वन थाउजंड’, म्हणजे हजार फूट उंची उरली, असा पुकारा केल्यावर थांबवायला सांगितले. त्या पुकाऱ्यानंतर विमान स्थिर आहे की नाही, हे तिने लगेच मोठ्याने सांगायचे होते. व्हिडिओत तिचा आवाज आला खरा, पण थोडा उशिरा आला, कारण नेमक्या त्याच वेळी उन्हाळी हवेच्या धक्क्याने स्टँड हलला होता आणि तिची नजर उपकरणांवरून फोनकडे गेली होती. चित्र किंचित तिरके होते आणि मग तिचे बोट येऊन ते सरळ करते, एवढेच त्या व्हिडिओत दिसते.

“सर, दोन सेकंदांचा तर प्रश्न होता, आणि विमान कॅप्टन चालवत होते,” असे ती म्हणाली. मी तिला कागद-पेन दिले. १४० नॉट वेगाने खाली येणारे विमान दोन सेकंदांत सुमारे १४४ मीटर पुढे जाते आणि नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर जवळपास २५ फूट खाली येते. त्या १४४ मीटरमध्ये विमान चालवणाऱ्याची चूक पकडण्यासाठी ज्या व्यक्तीला बसवले होते, ती व्यक्ती चित्र सरळ करत होती. हिशेब तिनेच मांडला आणि त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मी बावीस वर्षे प्रवासी विमाने चालवली आणि आता नागपुरात राहून वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हवाई नियम हा विषय शिकवतो. त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. हे मार्गदर्शन मुख्यतः नव्या वैमानिकांसाठी आणि प्रशिक्षणार्थींसाठी आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला अंदाज बांधावा लागणार नाही: जो वैमानिक त्या उड्डाणाच्या कामावर आहे, त्याने विमानाचे दार बंद झाल्यापासून विमान जागेवर उभे राहून पार्किंग ब्रेक लागेपर्यंत स्वतः कोणतेही चित्रीकरण करू नये, मग कॅमेरा हातात असो, काचेला चिकटवलेला असो किंवा टोपीला अडकवलेला असो.

नियम कोठून वाचायला सुरुवात करावी

पहिले काम म्हणजे आपल्या कंपनीची ऑपरेशन्स मॅन्युअल, म्हणजे कामकाजाच्या नियमांची पुस्तिका, उघडून वैयक्तिक इलेक्ट्रॉनिक उपकरणे, चित्रीकरण आणि समाजमाध्यमे या तिन्ही विषयांवर तिथे काय लिहिले आहे, ते शब्दशः वाचणे. बरेच जण यातला फक्त समाजमाध्यमांचा भाग वाचतात, कारण नोकरी जाण्याची भीती तिथे असते. उड्डाणसुरक्षेचा भाग मात्र वेगळ्या प्रकरणात असतो आणि तो वाचायचा राहून जातो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई दिसली नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढू नका. फ्लाइट सेफ्टी विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

दुसरे म्हणजे देशाचा कायदा. विमान नियम, १९३७ मधील नियम १३ नुसार शासकीय विमानतळावर किंवा उडत्या विमानातून छायाचित्र घेण्यासाठी लेखी परवानगीची अट घातलेली आहे. प्रवाशांना विमानात बसून छायाचित्रे घेण्याची जी मोकळीक आज दिसते, ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २००४ मधल्या परिपत्रकातून आलेली आहे आणि उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाधा आणणारी, गोंधळ माजवणारी किंवा कर्मचाऱ्यांनी मनाई केलेली उपकरणे त्या मोकळिकीत बसत नाहीत, हे महासंचालनालयाने सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केले होते. ही मोकळीक प्रवाशाची आहे. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने ढगांचा फोटो काढला, म्हणून कॉकपिटमध्ये कामावर बसलेल्या माणसालाही तो हक्क आपोआप मिळतो, असे समजणे चुकीचे आहे.

यातच हवाई दलाच्या तळांचा प्रश्न येतो. नागपूरहून पुण्याला जाणारे विमान लोहगावला, म्हणजे हवाई दलाच्या तळावर उतरते. चंदीगड, श्रीनगर, लेह, जोधपूर येथेही तीच स्थिती आहे. आपल्या नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि सोनेगावच्या परिसराशी हवाई दलाचे नाते जुने आहे. मे २०२५ मध्ये महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या तळांवर, उड्डाणानंतर दहा हजार फूट उंची गाठेपर्यंत आणि उतरताना त्या उंचीखाली प्रवाशांच्या खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याचा आदेश काढला आणि तेथील चित्रीकरणाच्या मनाईची आठवण करून दिली. ज्या विमानात प्रवाशाला पडदा ओढायला सांगितले जाते, त्याच विमानाच्या पुढच्या काचेतून सगळा तळ टिपून तो जगासमोर मांडणारा वैमानिक कोणत्या तोंडाने नियम सांगणार?

दहा हजार फुटांच्या खाली

विमान जमिनीवर चालत असताना, उड्डाण करताना, उतरताना आणि सर्वसाधारणपणे दहा हजार फुटांखाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेले कोणतेही बोलणे किंवा काम करायचे नाही, या नियमाला जगभर ‘स्टराइल कॉकपिट’ म्हणतात. हा नियम एका अपघातातून शिकलेला आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे धुक्यात उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे २१२ क्रमांकाचे विमान कोसळले आणि त्यात ७०हून अधिक माणसे गेली. कॉकपिटमधले बोलणे नोंदवणारा व्हॉइस रेकॉर्डर ऐकल्यावर कळले की उतरण्याच्या त्या मिनिटांत वैमानिक राजकारण, जुन्या गाड्या अशा विषयांवर गप्पा मारत होते. अमेरिकेने १९८१ मध्ये हा नियम लागू केला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. १९७४ मध्ये मोबाइल नव्हता. नुसत्या गप्पांनी ते विमान पाडले. व्हिडिओ म्हणजे तर अनोळखी हजारो लोकांशी मारलेल्या गप्पाच आहेत, फक्त ऐकणारे तिथे दिसत नाहीत.

“मी कॅमेरा आधीच सुरू करून ठेवतो, नंतर हातही लावत नाही,” हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळतो आणि म्हणून त्यावर थोडे थांबून लिहितो. हात मोकळे राहतात हे खरे आहे, पण प्रश्न मनाचा आहे. चित्रीकरण चालू आहे हे माहीत असलेला माणूस स्वतःला बाहेरून पाहू लागतो. लँडिंग हलके व्हावे, ते चांगले दिसावे, असे त्याला वाटू लागते. हलके लँडिंग आणि सुरक्षित लँडिंग या दोन गोष्टी दर वेळी एक नसतात. पावसाळ्यात धावपट्टी ओली असताना विमान ठामपणे टेकवावे लागते, म्हणजे चाके पाण्यावर न घसरता पकड घेतात आणि ब्रेक लवकर लागतात; प्रेक्षकांना मात्र ते लँडिंग वाईट दिसते. गो-अराउंडचेही तेच आहे. उतरणे रद्द करून पुन्हा वर जाणे हा अनेकदा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असतो, पण ज्याला ‘घरच्या गावी पहिले लँडिंग’ असा व्हिडिओ टाकायचा आहे, त्याच्या मनात त्या निर्णयाच्या विरोधात एक अदृश्य वजन आधीच पडलेले असते. हे वजन किती, ते मोजता येत नाही. म्हणूनच ते मुळात ठेवू नये.

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात उतरणाऱ्यांना हे विशेष लागू पडते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना काळ्या जमिनीवरून उठणारी गरम हवा विमानाला शेवटच्या हजार फुटांत सतत हलवत असते, विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही कमी होतात आणि घारी तर असतातच. या वेळी कॉकपिटमध्ये असलेल्या दोन्ही जोड्या डोळ्यांना भरपूर काम असते.

उंचावर, सगळे शांत असताना

दहा हजार फुटांच्या वर, ऑटोपायलट लावलेला असताना, दोन तासांच्या सपाट प्रवासात एखादे छायाचित्र काढले तर काय बिघडले, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि मी त्याचे उत्तर स्वतःच्या चुकीवरून देतो.

जून महिन्याची संध्याकाळ होती. आम्ही कोलकात्याहून मुंबईकडे छत्तीस हजार फुटांवरून चाललो होतो आणि नागपूरच्या थोडे पूर्वेला होतो. देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूरच्या आकाशातून पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारी विमाने एकमेकांना छेदत असतात. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हाही दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमाने टपालाची अदलाबदल करायला रात्री इथेच जमत. त्या संध्याकाळी दक्षिणेला एक प्रचंड मेघ उभा होता आणि त्याच्या पोटात विजा चमकत होत्या. मी फोन काढला. वीज चमकली की बटण दाबायचे, असा माझा प्रयत्न चालला होता आणि तो तीन-चार वेळा फसला. तेव्हा सहवैमानिकानेही कौतुकाने माझ्या बाजूला वाकून पाहिले. त्याच वेळी नागपूर कंट्रोलने आम्हाला दोनदा हाक मारली आणि आम्हा दोघांपैकी एकालाही ती ऐकू आली नाही. तिसऱ्या हाकेला सहवैमानिकाने उत्तर दिले. सूचना साधी होती, रेडिओची वारंवारिता बदलण्याची. अनर्थ काही झाला नाही. पण ती सूचना दिशा बदलण्याची असती तर काय, हा विचार मला मुंबईत उतरेपर्यंत सोडत नव्हता. फोटोही धूसर आला होता.

या प्रसंगातून मी एक गोष्ट शिकलो, जी मला कोणत्याही पुस्तकात इतक्या स्पष्टपणे भेटली नव्हती: कॅमेरा एका वैमानिकाचे लक्ष घेत नाही, तो दोघांचे घेतो. एक जण काढतो आणि दुसरा पाहतो. दोन वैमानिकांची सगळी व्यवस्था ‘एकाचे लक्ष गेले तर दुसऱ्याचे असेल’ या विश्वासावर उभी आहे आणि सुंदर दृश्य तो विश्वास एका क्षणात मोडते.

याचे टोकाचे उदाहरण २१ ऑक्टोबर २००९ चे आहे. सॅन डिएगोहून मिनिआपोलिसला निघालेले नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे १८८ क्रमांकाचे विमान आपल्या विमानतळावरून सुमारे २४० किलोमीटर पुढे निघून गेले. दोन्ही वैमानिक आपापल्या लॅपटॉपवर ड्यूटीच्या वेळापत्रकाची नवी पद्धत समजून घेत होते आणि एक तासाहून अधिक काळ त्यांचा जमिनीशी संपर्क नव्हता. विमान एकदम ठीक होते, ऑटोपायलट आपले काम करत होता आणि प्रवासी सुखरूप उतरले, पण दोन्ही वैमानिकांचे परवाने गेले. त्यानंतर अमेरिकेने २०१४ मध्ये प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांना उड्डाणाच्या कामात असताना कॉकपिटमध्ये वैयक्तिक फोन व लॅपटॉप स्वतःच्या कामासाठी वापरण्यास मनाई करणारा नियम केला. काही जण विचारतात की मग कंपनीने दिलेला टॅब्लेट कसा चालतो. तो तपासून मान्य केलेला असतो, त्याची पकड ठरलेली असते, त्यात नकाशे आणि आकडेमोड असते आणि तो कधी पाहायचा व कधी नाही, याची रीत ठरवून दिलेली असते. खासगी फोनला यातले काहीच नसते.

रात्रीच्या उड्डाणात आणखी एक अडचण येते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला जवळपास अर्धा तास लागतो आणि फोनच्या पडद्याचा उजेड तो सराव काही क्षणांत घालवतो. बाहेर चांदण्यात ढगाची कड ओळखायची असेल, तर हे नुकसान साधे नाही.

कॅमेरा ही एक वस्तू आहे

लक्षाचा विषय बाजूला ठेवला तरी कॅमेरा ही एक घट्ट, जड, सुटी वस्तू म्हणून कॉकपिटमध्ये धोकादायक आहे. हे पटवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी ९ फेब्रुवारी २०१४ ची घटना सांगतो. ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर विमान, म्हणजे एअरबस ए-३३० चाच एक प्रकार, १९८ जणांना घेऊन ब्रिटनहून अफगाणिस्तानकडे तेहतीस हजार फुटांवरून जात होते. सहवैमानिक कॉकपिटच्या बाहेर गेला होता आणि कॅप्टन एकटाच बसला होता. त्याने आधी काही छायाचित्रे काढली होती आणि कॅमेरा हाताच्या टेकणीजवळ, साइडस्टिकच्या मागे ठेवला होता. एअरबसची साइडस्टिक ही मुठीत मावणारी छोटी दांडी असते. ती पुढे लोटली की विमानाचे नाक खाली जाते. कॅप्टनने आपली खुर्ची यंत्राने थोडी पुढे सरकवली. टेकणीने कॅमेऱ्याला लोटले, कॅमेऱ्याने साइडस्टिकला लोटले आणि तो मध्येच अडकून बसला. पुढच्या २७ सेकंदांत विमान ४,४०० फूट खाली गेले. पट्टे न बांधलेली माणसे छताला आदळली. सहवैमानिक अक्षरशः तरंगत कॉकपिटमध्ये परतला. शेवटी विमानाच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणेने नाक वर उचलले आणि ते तुर्कस्तानात उतरवण्यात आले. कॅप्टनवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि २०१७ मध्ये तो निष्काळजीपणासाठी दोषी ठरला.

या घटनेत फोटो काढणे केव्हाच संपले होते. नुकसान केले ते ठेवून दिलेल्या कॅमेऱ्याने. म्हणून “काढून झाले की मी लगेच बाजूला ठेवतो” या वाक्यातला ‘बाजूला’ हा शब्द मला कधीच पुरेसा वाटत नाही. कॉकपिटमध्ये बाजू नसते. तिथे पेडल आहेत, खुर्चीचे रूळ आहेत आणि स्विचच्या रांगा आहेत. फोन खुर्चीच्या खाली पडला आणि खुर्ची सरकवताना यंत्रात चिरडला गेला, तर त्यातली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. बंद कॉकपिटमध्ये, दोनच माणसे असताना, धुराशी झुंजण्याची कल्पना करून पाहावी.

लहान विमानात शिकणाऱ्यांनी यातून स्वतःला वगळू नये. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो येथे सेस्ना १५० हे दोन आसनी विमान रात्री खाली ढग असताना कोसळून दोघे मृत्युमुखी पडले. विमानातल्या छोट्या कॅमेऱ्यात आधीच्या फेऱ्यांचे चित्रण सापडले आणि त्यात वैमानिक व सोबतचे प्रवासी उड्डाण घेतानाही फोनच्या फ्लॅशने सेल्फी काढताना दिसत होते. तपास करणाऱ्यांनी फोनमुळे लक्ष विचलित झाल्याची शक्यता कारणांमध्ये नोंदवली.

मग दाखवायचे कसे

वैमानिकाचे काम लोकांपर्यंत पोहोचू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. इतवारीतल्या किंवा काटोलच्या एखाद्या मुलीला कॉकपिट म्हणजे काय हे आज व्हिडिओमुळेच पहिल्यांदा दिसते आणि त्यातून ती या वाटेला लागते. मी अशा मुली शिकवल्या आहेत. उड्डाणाला घाबरणाऱ्या प्रवाशाला वैमानिकाने शांतपणे समजावलेली हवेच्या धक्क्यांची गोष्ट किती धीर देते, हेही मला माहीत आहे. म्हणून न काढण्याचा सल्ला देऊन मी थांबत नाही. कसे काढावे, तेही सांगतो.

सर्वांत उत्तम जागा सिम्युलेटर आहे. तिथे धावपट्टी, पाऊस, इंजिन बंद पडणे, गो-अराउंड असे सगळे दाखवता येते, चूक झाली तर थांबवून समजावता येते आणि कोणाच्याही जिवाला धोका नसतो. प्रशिक्षण केंद्राची लेखी परवानगी घ्या, प्रशिक्षकाला विश्वासात घ्या आणि शक्य असेल तर परीक्षेच्या सत्रात नव्हे, वेगळ्या वेळी चित्रण करा. दुसरा मार्ग उभ्या विमानाचा आहे. विमान पार्क केलेले आहे, प्रवासी उतरलेले आहेत, पुढच्या फेरीची घाई नाही आणि कंपनीने परवानगी दिलेली आहे, अशा वेळी कॉकपिटची ओळख करून देणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ करता येतो. दोन फेऱ्यांमधल्या पाऊण तासात मात्र हे करू नका, कारण तो वेळ इंधन, हवामान आणि वजनाचे आकडे पाहण्याचा असतो आणि आकड्यांमधल्या चुका नेमक्या त्याच वेळी होतात.

उडत्या विमानातलेच चित्रण खरोखर हवे असेल, तर ते कंपनीने करावे: लेखी मंजुरी, धोक्याचे आधी केलेले मूल्यांकन, मान्य केलेल्या जागी पक्के बसवलेले उपकरण, ते सुरू-बंद करण्याची जबाबदारी कामावर नसलेल्या व्यक्तीकडे, आणि ‘आता बंद’ असे कॅप्टनने म्हटले की त्याच क्षणी बंद. ती तिसरी व्यक्ती कॉकपिटमध्ये कोण असू शकते, याचेही नियम आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईहून दिल्लीला येणाऱ्या विमानात एका वैमानिकाने आपल्या मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवले, तेव्हा कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड झाला आणि त्या वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. एवढी सगळी तयारी जमत नसेल, तर ते चित्रण करायचे नाही, इतके साधे आहे.

प्रशिक्षणातल्या विमानात प्रशिक्षकाने मान्यता देऊन बसवलेला कॅमेरा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा मला आदर आहे. उतरल्यावर प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघे मिळून ते चित्रण पाहतात, तेव्हा शब्दांनी न पटलेली चूक डोळ्यांनी पटते. पण तो व्हिडिओ त्या दोघांचा असतो. तो प्रसिद्ध करण्याच्या हेतूने काढला, तर त्याच क्षणी त्याचे स्वरूप बदलते.

जमिनीवर काढलेले चित्रणही प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा आवाज बंद करून आणि एकदा फक्त आवाज ऐकून तपासा. कॉकपिटच्या दाराचे कुलूप, त्याचे बटणांचे पॅड किंवा दार उघडण्याची पद्धत त्यात दिसत असेल, तर तो भाग काढून टाका. सप्टेंबर २००१ नंतर ते दार मजबूत करण्यामागे काय कारण होते, हे प्रत्येक वैमानिकाला माहीत आहे. प्रवाशांची यादी, सहकाऱ्याचे ओळखपत्र, रोस्टर, हॉटेलचे नाव यांतले काहीही दिसू देऊ नका. रेडिओवरचे बोलणे आणि सहकाऱ्याचा चेहरा, आवाज त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वापरू नका.

यासोबतच एक गोष्ट नव्या पिढीने विचारात घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. अमेरिकेचे वाहतूक सुरक्षा मंडळ २००० सालापासून कॉकपिटमध्ये चित्रण करणारी यंत्रणा बसवावी, अशी शिफारस करत आले आहे आणि वैमानिकांच्या संघटना खासगीपणाच्या कारणाने तिला विरोध करत आल्या आहेत. व्हॉइस रेकॉर्डरच्या नोंदी अपघात-तपासापलीकडे सहजासहजी उघड होऊ नयेत, म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर संरक्षण मिळालेले आहे आणि ते मिळवायला आपल्या आधीच्या वैमानिकांनी वर्षानुवर्षे भांडण केले आहे. आपणच रोज कॉकपिटमधले चित्रण जगासमोर मांडू लागलो, तर उद्या हा खासगीपणा कोणत्या आधारावर मागणार?

सहकाऱ्याने फोन काढला तर

सर्वांत अवघड प्रसंग हा आहे, विशेषतः फोन काढणारा कॅप्टन असेल आणि तुम्ही नव्याने रुजू झालेले असाल तेव्हा. हा विषय आकाशात काढायला लावू नका. उड्डाणापूर्वीच्या ब्रिफिंगमध्येच काढा. “सर, दार बंद झाल्यावर मी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकून बॅगेत ठेवतो, आपलीही हरकत नसावी,” एवढे नम्र वाक्य पुरते. ते ऐकल्यावर बहुतेक कॅप्टन स्वतःचाही फोन ठेवतात. (फ्लाइट मोड ही औपचारिकता नाही. ५जीच्या लहरींचा उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर परिणाम होऊ नये, म्हणून दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरच्या पट्ट्यात काही लहरींचे मनोरे उभारू नयेत, असे कंपन्यांना सांगितले होते.) तरीही उतरताना फोन बाहेर आलाच, तर व्यक्तीवर बोलू नका, टप्प्यावर बोला: “स्टराइल, सर.” एवढा एकच शब्द व्हॉइस रेकॉर्डरवर नोंदला जातो आणि समोरच्यालाही तो नोंदला गेल्याचे कळते. विमान जागेवर लागल्यावर शांतपणे बोला आणि पुन्हा तसेच घडले, तर गोपनीय सुरक्षा-अहवाल भरा. तक्रारखोर ठरण्याची भीती मला समजते, मीही ती भोगली आहे. पण तो अहवाल एका माणसाविरुद्ध नसतो, तो पुढच्या सगळ्या उड्डाणांसाठी असतो.

घरच्यांची हौस

माझ्या विद्यार्थिनीची अडचण शेवटी कंपनी किंवा प्रेक्षक ही नव्हती, घरचे लोक होते. आजीला नातीचे विमान पाहायचे होते, मामाला आपली कॉलनी वरून पाहायची होती आणि शेजारच्या मुलांना रील हवी होती. यावर आम्ही दोघांनी बसून एक उपाय काढला. पुढच्या सुट्टीत ती आजीला घेऊन प्रवासी म्हणून नागपूरहून निघाली. तिने तिकीट काढतानाच उजव्या बाजूची, पंखाच्या पुढची खिडकी घेतली, कारण विमान ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून वायव्येला उडाले की शहर आणि अंबाझरी तलाव उजव्या हाताला येतात. केबिन कर्मचाऱ्यांना विचारून, त्यांनी हरकत नाही म्हटल्यावर, तिने फोन काढला. चित्रण पावणेदोन मिनिटांचे आहे. त्यात तलाव दिसतो, त्याच्या मागे फुटाळ्याचे पाणी चमकते आणि आजीचा आवाज ऐकू येतो, “अगं, आपलं घर कुठंय यात?” ती बोट काचेवर ठेवून दाखवते. त्या वेळी तिचे दोन्ही डोळे आणि दोन्ही हात मोकळे होते.